आत्याबाईचा स्टार्टर

गुरुवारी सकाळी आठ वाजता, मोठ्या इस्पितळाच्या मागच्या अंगणात, आत्याबाईनं थोरलीचं नाक कापलं. तेही चारचौघांत.

आत्याबाई म्हणजे कुणी बाई नव्हे, ट्रक. थोरलीच्या बाबांची सख्खी बहीण लग्न होऊन सासरी गेली आणि त्याच आठवड्यात हा ट्रक दारात आला. तेव्हाच तो दुसऱ्या हाताचा होता. "एक आत्या गेली, दुसरी आली," असं आजोबा म्हणाले आणि नाव चिकटलं ते चिकटलंच. खरी आत्या अजूनही त्यावरून फुरंगटते. पण नाव चुकलं होतं असंही नाही हो! ही आत्याबाईसुद्धा रुसायची, फुसफुसायची, आणि एकदा कामाला लागली की कुणाच्या बापाला ऐकायची नाही. सव्वीस वर्षं बाबांनी चालवली. मग बाबांचा गुडघा गेला, क्लच दाबवेना, आणि गेल्या दोन वर्षांपासून थोरली चालवत होती.

काम नवं होतं. इस्पितळाच्या मळक्या चादरी धुलाईघरात न्यायच्या आणि धुतलेल्या परत आणायच्या, दिवसातून तीन फेऱ्या. वर्षभराचं बांधलेलं काम. गुरुवार चाचणीचा. इस्पितळाच्या भांडारावर ज्या बाई होत्या त्यांना सगळे मोठ्या बाई म्हणत. त्यांनी एकच अट सांगितली होती: माल चढवायच्या ओट्याला गाडी लागली की इंजिन बंद. कारण ओट्याच्या बरोबर वर बाळंतिणींच्या खिडक्या, आणि धूर सरळ आत जातो. अट रास्तच होती, थोरलीनं लगेच कबूल केली. इंजिन बंद केलं, चाळीस गाठोडी चढली, ती जागेवर बसली, किल्ली फिरवली. टक्. पुन्हा फिरवली. टक्. पुढे काही नाही. मागे रुग्णवाहिका येऊन उभी राहिली आणि भोंगा वाजवायला लागली.

ओट्याचं अंगण तळहातासारखं सपाट. शेवटी इस्पितळाच्या सात माणसांनी दात-ओठ खात ट्रक फाटकापर्यंत ढकलला, फाटकापुढे थोडा उतार लागला, तिथे आत्याबाई खोकून चालू झाली. वरच्या खिडकीतून दोन बाळंतिणी बघत होत्या. थोरलीच्या कानशिलांतून वाफा निघत होत्या.

"सोमवारी सात वाजता या," मोठ्या बाई म्हणाल्या. त्या ओरडल्या नाहीत, त्यामुळे जास्तच लागलं. "एकदाच. गाडी इथे अडकली आणि चादरी अडल्या, तर वर बाळं काय उघड्या गादीवर ठेवू मी?"

आता हे असं का झालं ते सांगायला हवं. आत्याबाईला किल्लीनं चालू करायची पद्धतच घरात नव्हती, त्यामुळे किल्लीनं ती चालू होते की नाही, हे वर्षानुवर्षं कुणी पाहिलंच नव्हतं. घरासमोर गल्लीला चांगला उतार. बाबा ट्रक गल्लीच्या डोक्याला लावायचे, पुढच्या चाकाखाली दोन दगड. सकाळी दगड काढायचे, ट्रक आपोआप घरंगळायचा, खाली वळणावर पोचला की दुसऱ्या गिअरमध्ये टाकून क्लच सोडायचे, की झाली चालू. दगड काढायचं काम लहानपणी थोरलीकडे. आणि त्यात बोलायचं नाही! जरा दगड आपटला की बाबा खिडकीतून ओठांवर बोट ठेवायचे. थोरलीला वाटायचं, या माणसाला सकाळी सकाळी बोलायचा कंटाळा आहे.

आणि एकदा सवय लागली की माणूस तिचा गुलाम. बाहेर कुठे थांबायचं झालं तरी बाबा उतार बघून थांबणार. चहासुद्धा उतारावरच्या टपरीवरचा, मग तो कितीका पाणचट असेना. ज्या नातेवाइकाच्या दारात उतार नाही, त्याच्याकडे जाणं-येणं आपोआप कमी झालं. धाकटीसाठी स्थळ पाहायला गेले, तेव्हा बाबांनी मुलगा पाहायच्या आधी रस्ता पाहिला. धाकटीच्या नशिबानं रस्ता उताराचा निघाला, नाहीतर अजून घरातच असती.

गुरुवारी थोरली घरी आली ती धुमसतच. बाबा पायरीवर गुडघा शेकत बसले होते. सगळं ऐकून म्हणाले, "मी आधीच म्हणालो होतो. सपाटीचं काम आपलं नव्हे."

"मग आपलं कुठलं? आता उतारावर गिऱ्हाईक शोधत हिंडू?"

"भंगारवाला दोनदा येऊन गेलाय," बाबा म्हणाले. "सोमवारी तिथे पुन्हा ढकलावी लागली, तर तशीच त्याच्याकडे घेऊन जा. उगीच तिचे हाल नकोत."

थोरली त्यांच्यासमोर येऊन उभी राहिली. "आणि नाही ढकलावी लागली तर?"

"तर मग बघू."

"बघू नाही, बाबा. तर आत्याबाई माझी. भंगारवाल्याला तुम्ही तोंडानं सांगायचं, पुन्हा या गल्लीत पाऊल टाकू नको म्हणून."

बाबांनी तिच्याकडे बघितलं. आत्याबाई भंगारात गेली तर लेक दुसऱ्याच्या गाडीवर नोकरीला जाणार, हे त्यांनाही कळत होतं. "ठीक आहे," ते म्हणाले. बाबांचा शब्द म्हणजे शब्द. आता फक्त गाडी किल्लीनं चालू व्हायला हवी होती. आणि हातात तीन दिवस.

शुक्रवारी सकाळी गाडीच्या वायरिंगचं काम करणारा आला. त्याचं खरं नाव आता त्याच्या बायकोलाही आठवत नसेल, सगळे त्याला करंट म्हणतात. आल्या आल्या म्हणाला, "ताई, बॅटऱ्या बदला."

"का?"

"का म्हणजे? सगळे आधी बॅटऱ्याच बदलतात."

"सगळे गेले खड्ड्यात. भाऊ, आधी मोजा."

करंटनं मोजल्या. दोन्ही बॅटऱ्या ठणठणीत. चोवीस व्होल्ट, तेही हेडलाइट लावून मोजले तरी फारसे खाली येत नव्हते. मग तारा बघितल्या. इंजिनाकडून चॅसीला येणारी जाड तार हिरवी पडून किडली होती. ती बदलली. पुन्हा टक्. तेव्हा स्टार्टर खाली उतरवला. बाप रे, काय ते धूड! दोघांनी मिळून धरला तरी करंटच्या पायावर पडता पडता राहिला. बाकावर ठेवून थेट बॅटरी जोडली तर तो जेमतेम अर्धा फेरा फिरला आणि त्यातून जळक्या वासाचा धूर आला.

"हा काय वापरून मेलेला नाही," करंट म्हणाला. आतला कार्बन त्यानं नखानं खरवडला. "हा बसून मेलाय. वर्षानुवर्षं कुणी हातच लावलेला नाही याला."

"बघा!" थोरली घराच्या दाराकडे तोंड करून मोठ्यानं म्हणाली. "उताराचे लाड!"

बाबांनी आतून दार ओढून घेतलं.

मग ती ते धूड पोत्यात घालून सुट्या भागांच्या दुकानात गेली. दुकानदार म्हातारा होता आणि त्याचं नाव पडलं होतं मोजमाप. का, तर नवा भाग मागितला की तो आधी जुना मागायचा. जुना गल्ल्यावर ठेवल्याशिवाय नवा दाखवायचाच नाही. लोक चिडायचे, समोरच्या झगमगीत दुकानात जायचे आणि आठवड्यानं तोंड पाडून परत यायचे.

मोजमापनं जुना स्टार्टर फिरवून फिरवून पाहिला. कुठल्या बाजूला फिरतो ते पाहिलं, पुढे निघालेल्या नाकाची लांबी पट्टीनं मोजली, बोल्टची तीन भोकं मोजली. मग आतून तीन स्टार्टर आणून ओळीनं मांडले.

"हा पहिला जुन्याच जातीचा, दुरुस्त केलेला. तुझ्याइतकाच हट्टी आणि तेवढाच जड. हा दुसरा नवाकोरा, डब्यावर तुझ्या गाडीचं नाव छापलंय बघ. आणि हा तिसरा छोटा. याच्या पोटात जास्तीचे गिअर आहेत. मोटर लहान, पण भराभर फिरते, आणि गिअरमुळे जोर तितकाच. बॅटरी कमी खातो."

थोरलीसोबत बाबा आले होते, गुडघ्याला पट्टा बांधून. नको म्हटलं तरी आले होते. त्यांनी छोटा स्टार्टर एका हातानं उचलला आणि तोंड वाकडं केलं. "हे काय खेळणं? सहा सिलिंडर फिरवायचेत. वजन असतं त्यात दम असतो."

"असं असतं तर बाबा, आपल्या शेजारचे काका पहिलवान असते," थोरली म्हणाली.

मोजमाप खोकल्यासारखं हसला. बाबांनी पहिल्यावर बोट ठेवलं. करंटनं सकाळीच सांगून ठेवलं होतं, डब्यावर गाडीचं नाव बघा आणि नवाच घ्या, विषय संपला. थोरलीनं कुणाचंच ऐकलं नाही. तिनं खडू मागून घेतला. जुन्या स्टार्टरच्या पुढे जे छोटं दातेरी चाक असतं, जे पुढे सरकून इंजिनाच्या मोठ्या चाकाच्या दातांत अडकतं आणि ते फिरवतं, त्याच्या एका दातावर तिनं खूण केली आणि मोजायला सुरुवात केली. अकरा. पुन्हा मोजले, अकरा. पहिल्या स्टार्टरचे अकरा. छोट्याचे अकरा. दुसऱ्याचे, डब्यावर गाडीचं नाव छापलेल्याचे, दहा.

"हे बघा काका."

मोजमापनं चष्मा वर केला, स्वतः मोजले, आणि डबा उचलून गल्ल्याखाली टाकला. "माझ्या हातून हा सहा महिन्यांत दोघांनी नेलाय," तो म्हणाला. त्याचा आवाज उतरला होता. "दोघांनाही आज फोन करतो."

उरले दोन. थोरली खाली बसली आणि दोन्ही स्टार्टरकडे बघत राहिली. मोठा ओळखीचा, बाबांच्या मनासारखा. पण दिवसातून तीन फेऱ्या, प्रत्येक फेरीत निदान दोनदा चालू-बंद, आणि बॅटऱ्या तेवढ्याच. मोठा त्यांचं रक्त पिणार. हिवाळ्यात सकाळी सातला इंजिन गारठलेलं असताना जो भराभर फिरवेल तो हवा. तिनं छोटा उचलून जुन्याच्या शेजारी आडवा धरला. नाक तेवढंच, भोकं जुळत होती, आणि तार जोडायचं डोकं फिरवून बाजूला घेता येत होतं, म्हणजे तेलाच्या फिल्टरला ते लागणार नव्हतं.

"हा," ती म्हणाली.

"पस्तावशील," बाबा म्हणाले.

"पस्तावले तर मी पस्तावेन. तुम्ही नाही."

मोजमापनं छोटा कागदात गुंडाळायला घेतला आणि मध्येच थांबला. "रिंग पाहिलीस का?"

इंजिनाच्या मोठ्या चाकावर जी दातेरी रिंग असते ती थोरलीनं पाहिलीच नव्हती.

"सहा सिलिंडरचं इंजिन बंद होताना बहुतेक त्याच तीन ठिकाणी थांबतं," मोजमाप म्हणाला. "म्हणजे स्टार्टर दर वेळी त्याच तीन जागी दणका देतो. इतक्या जुन्या गाडीत तिथले दात झिजून गुळगुळीत झालेले असतात. मग नवा स्टार्टर नुसता खरखरेल आणि आठवड्यात स्वतःचेही दात पाडून घेईल. चणे आहेत तर दात नाहीत, अशी गत. रिंग बदलायची तर गिअरबॉक्स उतरवावा लागतो. चार दिवस धर."

चार दिवस! सोमवार गेलाच म्हणायचा. थोरलीनं बाबांकडे बघितलं. बाबा रस्त्याकडे बघत होते, जणू आपला या विषयाशी काही संबंधच नाही.

"उद्या रिंग बघते," ती म्हणाली. "ठेवा बांधून. दात गेले असतील तरी घेऊन जाईन आणि गिअरबॉक्स मीच उतरवीन. पण हा दुसऱ्या कुणाला द्यायचा नाही."

शनिवारी सकाळी ती गोणपाट अंथरून आत्याबाईच्या खाली शिरली. स्टार्टर काढल्यामुळे तिथे पंज्याएवढं भोक पडलं होतं, त्यातून रिंगचे पाच-सहा दात दिसायचे. पुढून करंट मोठ्या पान्यानं इंजिन हातानं फिरवणार, ती टॉर्चच्या उजेडात एकेक दात बघणार. पहिल्या दातावर खडूची खूण केली.

"फिरवा भाऊ. हळू."

दहा दात बरे. वीस बरे. पन्नासाव्या दातापर्यंत तिची मान आखडली आणि डोळ्यांत धूळ गेली. आता येईल, आता गुळगुळीत जागा येईल, असं म्हणत ती बघत होती. साठ. ऐंशी. करंट वरून विचारत होता, "लागली का?" ती म्हणत होती, "फिरवा." शंभर. मग पुन्हा खडूची खूण समोर आली.

ती तशीच पडून राहिली. तिला वाटलं, चुकलं काहीतरी. "पुन्हा एक फेरा," ती म्हणाली. करंट कुरकुरला, पण त्यानं फिरवलं. या वेळी तिनं प्रत्येक दाताला बोट लावून पाहिलं. कडा अशा, की बोटाला टोचाव्यात.

ती बाहेर आली तेव्हा तोंड काळं झालं होतं आणि डोळे पाणावले होते. "एकही झिजलेला नाही," ती म्हणाली. "इतक्या जुन्या गाडीचा एक दात झिजलेला नाही! कसं शक्य आहे?"

"त्यात काय कसं?" पायरीवरून बाबा म्हणाले. "रिंग मी नवी बसवली होती, गाडी आणली त्याच वर्षी. त्यावर स्टार्टर मारला असेल पंधरा-वीस दिवस. नंतर कधी मारला आपण?"

थोरली बघतच राहिली. "म्हणजे तुम्हाला माहीत होतं? काल दुकानात का नाही बोललात? रात्रभर डोळ्याला डोळा नाही माझ्या!"

"मला कुणी विचारलं?"

आता मात्र थोरलीचा तोल सुटला. "नवी रिंग, चालता स्टार्टर, आणि तुम्ही पंधरा दिवसांत तो वापरणं सोडून दिलं? का पण? सव्वीस वर्षं आम्हाला दगड उचलायला लावले. तो स्टार्टर बसून बसून मेला. सात माणसांनी ढकललं हो मला परवा! कशासाठी हा सगळा खटाटोप?"

बाबा गुडघ्यावरचा पट्टा सोडून पुन्हा बांधायला लागले.

"आवाज फार करायचा तो," ते म्हणाले.

"कोण?"

"स्टार्टर. नव्या रिंगवर तर आख्खी गल्ली उठायची. आणि तुझी आई रात्रपाळी करून सहाला घरी यायची. जरा डोळा लागतो न लागतो तोच मी साडेसहाला निघायचो. पंधरा दिवस बघितलं. रोज दचकून उठायची, मग दिवसभर डोकं धरून बसायची. रात्री परत तीस-तीस आजारी माणसं सांभाळायची असत तिला." त्यांनी पट्टा घट्ट ओढला. "म्हटलं, उतार आहे तर जाऊ दे घरंगळत. वळणावरून काही तिला ऐकू यायचं नाही."

करंट पान्याकडे बघत उभा होता. आई भाजीची पिशवी घेऊन दारात कधीची येऊन उभी राहिली होती, कुणाच्या लक्षातच आलं नव्हतं. तिला निवृत्त होऊन चार वर्षं झाली होती, पण रात्रपाळीची झोप काही सुधारली नव्हती, अजूनही पहाटे कुठे डोळा लागायचा.

"मला वाटायचं, बॅटरी वाचवतात," आई म्हणाली. "सव्वीस वर्षं मी सगळ्यांना सांगत आले, आमचे हे चिकट आहेत म्हणून."

"मग काही खोटं नाही सांगितलंस," बाबा म्हणाले आणि उठून आत गेले.

थोरलीला एकदम रडू आलं. ओठांवर बोट ठेवलेले बाबा तिला आठवले, आणि आपण किती वर्षं त्यांना मनात घुमे म्हणत होतो तेही आठवलं. तिनं चेहरा बाहीला पुसला आणि तो आणखीच काळा झाला. मग ती मोजमापकडे जाऊन छोटा स्टार्टर घेऊन आली. दुपारपर्यंत तिनं तो स्वतः बसवला, तिन्ही बोल्ट आवळले, करंटनं तारा जोडल्या. रविवारी ती ट्रक घेऊन मोकळ्या मैदानावर गेली, सगळ्यात सपाट जागा शोधली, आणि वीस वेळा बंद करून वीस वेळा चालू केली. विसाव्या वेळी मैदानावर खेळणाऱ्यांनीच हात जोडले, "बाई, कळलं आम्हाला, होते चालू!"

सोमवारी बाबा आधीच गाडीत चढून बसले होते. त्यांच्या पायाशी मनगटाएवढा जाड दोर होता.

"हा कशाला?"

"असू दे. ओढायला लागलीच तर."

थोरलीनं दात-ओठ खात गाडी काढली. सातला पाच मिनिटं कमी असताना ट्रक ओट्याला लागला. इंजिन बंद. धुतलेल्या चादरींचे गठ्ठे उतरले, मळकी गाठोडी चढली. गुरुवारचे सातही जण मुद्दाम थांबले होते, एकानं तर बाह्यासुद्धा वर केल्या होत्या. मोठ्या बाई ओट्यावर हाताची घडी घालून उभ्या होत्या. वरच्या खिडकीत एक बाळंतीण बाळाला खांद्यावर घेऊन थोपटत होती.

थोरलीनं किल्ली धरली. शेजारी बाबांनी डोळे मिटून घेतले आणि दोराला हात घातला.

घर्र. एवढाच, अर्ध्या श्वासाचा आवाज, आणि इंजिन चालू. वरचं बाळ जागंही झालं नाही. बाह्या वर केलेल्यानं त्या खाली ओढल्या. बाबांनी डोळे उघडले आणि पुढच्या काचेतून बघत राहिले. त्यांना पहिल्यांदा खरंच वाटेना.

"एवढासाच आवाज?" ते म्हणाले.

"एवढासाच."

मोठ्या बाई खिडकीपाशी आल्या. "अकरा वाजता दुसरी फेरी," त्या म्हणाल्या. "आणि उद्यापासून रोज सातला."

परतताना घराजवळ आल्यावर बाबांनी फोन काढला, भंगारवाल्याला लावला आणि म्हणाले, "आता येऊ नका. गाडी लेकीची आहे."

मंगळवारी सकाळी साडेसहाला थोरली बाहेर आली, तर अंगणात या खांबापासून त्या खांबापर्यंत तो जाड दोर ताणून बांधला होता आणि त्यावर आईच्या दोन साड्या वाळत होत्या. घराची खिडकी बंद होती. आत आईचा नुकताच डोळा लागला होता.

बाबा पायरीवर चहा पीत होते. "जा, मार स्टार्टर," ते म्हणाले. "एवढा निवडून आणलाय. आता काय तो ओरडत नाही."

थोरलीनं बंद खिडकीकडे बघितलं. मग वाकून तिनं पुढच्या चाकाखालचे दोन्ही दगड उचलले, आवाज न करता कडेला ठेवले, आणि गाडीत चढून बाबांकडे बघत ओठांवर बोट ठेवलं. आत्याबाई हळूहळू घरंगळत वळणापर्यंत गेली.